शिवेपलीकडचा कारभार : पुणे जिल्हा परिषद आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याची साठ वर्षे

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांनी कारभार हाती घेतला. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, १ ऑगस्टला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे आपली एमआयडीसी अस्तित्वात आली. दोन्हींचे कायदे १९६१चे. एका संस्थेकडे गावाच्या शाळा, रस्ते, दवाखाने आणि पिण्याचे पाणी आले. दुसरीकडे जमीन संपादन करून कारखान्यांना भूखंड पाडून देण्याचे काम आले. राज्याच्या बहुतेक भागांत या दोघींची गाठ क्वचितच पडली. हवेली, मावळ आणि खेड तालुक्यांच्या शिवारात मात्र त्या साठ वर्षे एकमेकींच्या बांधाला बांध लावून काम करत आल्या आहेत. पुणे जिल्हा परिषदेचा इतिहास तेरा तालुक्यांचा आहे, आणि जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यापासून इंदापूरच्या उसापर्यंत त्याची रूपे वेगवेगळी आहेत. हीरक महोत्सवी स्मरणिकेतील या लेखात त्यातला एकच पट्टा घेतला आहे, कारण ग्रामीण स्वराज्य संस्थेची सर्वांत अवघड परीक्षा याच पट्ट्यात झाली आणि अजून चालू आहे.

या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गावाचा कर गावाच्या शिवेवर थांबतो. पाणी, कचरा, धूर आणि कामाला येणारी माणसे मात्र ती शीव ओलांडून जातात. म्हणून औद्योगिक पट्ट्यात एकेका ग्रामपंचायतीची श्रीमंती पुरेशी पडत नाही. दोन गावांच्या मधले जे काम आहे, ते करण्यासाठीच जिल्हा परिषद आणि पंचायत समिती असतात. ज्या ज्या वेळी गावांचा पैसा आणि गावांचे नियोजन एकत्र बांधले गेले, त्या वेळी झालेली कामे टिकली. ते सुटे राहिले तेव्हा भरलेल्या तिजोरीच्या गावातही गटार उघडेच राहिले.

पूर्वपीठिका : एक आण्याचा उपकर

गावांनी मिळून पैसा उभा करण्याची कल्पना १९६२च्या कितीतरी आधीची आहे. मुंबई इलाख्यात १८६९च्या लोकल फंड कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा उपकर बसवला. त्याचा मोठा भाग रस्ते-विहिरींसारख्या स्थानिक कामांना आणि एक तृतीयांश भाग शाळांना जाई. पुढे १८८४ आणि १९२३च्या कायद्यांनी लोकल बोर्डे आली. जुन्या पिढीच्या तोंडी 'बोर्डाची शाळा', 'बोर्डाचा रस्ता' हे शब्द अगदी अलीकडेपर्यंत होते. उपकर सगळ्या गावांकडून घ्यायचा आणि गरज असेल तिथे खर्च करायचा हे तत्त्व तेव्हाच रुजले. निर्णय मात्र बव्हंशी कलेक्टर कचेरीच्या छायेत होत.

स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने १९५७मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली, तेव्हा तिचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. राजस्थानने तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात वसंतराव नाईक समिती नेमली आणि तिच्या अहवालानुसार जिल्हा परिषदेला अधिक बळ दिले. अभियंते, डॉक्टर, शिक्षणाधिकारी हे सगळे एका निवडून आलेल्या मंडळाच्या हाताखाली आणायचे, तर तालुका त्याला लहान पडेल, असा विचार त्यामागे होता. सत्ता गावापासून लांब राहिली अशी टीका तेव्हाही झाली आणि ती निराधार नव्हती. पण आज मागे वळून पाहता या पट्ट्यापुरता तरी तो निर्णय योग्य होता, असे आमचे मत आहे. नदीचा आणि रस्त्याचा विचार एका गावाला करता येत नाही, हे पुढच्या साठ वर्षांनी सिद्ध केले.

१९६२ ते १९७२ : घडी बसवण्याची वर्षे

पहिल्या दशकात पदाधिकारी, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक यांनी अक्षरशः शून्यातून यंत्रणा उभी केली. शाळाखोल्या, जोडरस्ते, सार्वजनिक विहिरी, प्राथमिक आरोग्य केंद्रे ही त्या काळातील कामे. गावांनी जागा दिल्या, श्रमदान केले, दगड-माती पुरवली. यातल्या बहुतेकांची नावे कुठल्याच फलकावर नाहीत. या स्मरणिकेत त्या सर्वांना एकत्रित वंदन करणेच उचित ठरेल.

त्याच वेळी शेजारी वेगळे चित्र आकार घेत होते. पिंपरीत १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. तिच्या पाठोपाठ आकुर्डी, चिंचवड, भोसरी परिसरात वाहन आणि अभियांत्रिकी कारखाने आले. गावगाडा चालवण्यासाठी आखलेली ग्रामपंचायत या वस्तीला पुरी पडेना. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष झाले. जिल्हा परिषदेच्या दृष्टीने ही एका लांब मालिकेची सुरुवात होती. पुढे प्रत्येक दशकात या पट्ट्यातील मोठी आणि करसंपन्न गावे नागरी संस्थांकडे जात राहिली. काहीजण याला संस्थेची पीछेहाट म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. ज्या शाळा, नळयोजना आणि रस्ते घेऊन गाव नगरपालिकेत जाते, ते जिल्हा परिषदेनेच उभे केलेले असतात. मूल मोठे होऊन घराबाहेर पडले म्हणून आईबापांचे संसार फसले असे कोणी म्हणत नाही. खरी अडचण निराळी आहे. गाव गेले की कर जातो, पण त्या गावातून वाहणारी नदी पुढे पुन्हा ग्रामीण हद्दीतच येते.

१९७२ ते १९८२ : दुष्काळ आणि वाटून घेतलेला पैसा

१९७२च्या दुष्काळाने सारा महाराष्ट्र खडी फोडायला रस्त्यावर बसला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना त्याच वर्षी राज्यभर लागू झाली आणि १९७७मध्ये तिला कायद्याचे रूप आले. पाझर तलाव, नालाबांध, समतल चर ही शब्दावली तेव्हापासून गावोगाव रुळली. खेड आणि मावळच्या कोरड्या वाड्यांवर झालेली मृद-जलसंधारणाची कामे ही या भागातली पहिली मोठी पर्यावरणीय योजना म्हणावी लागेल, जरी तेव्हा कुणी तिला त्या नावाने ओळखत नव्हते.

या योजनेच्या पैशाकडे नीट पाहिले पाहिजे. १९७५च्या कायद्याने राज्यात व्यवसाय कर आला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीला जोडले गेले. म्हणजे पिंपरीच्या कारखान्यातील कामगाराच्या पगारपत्रकातून कापली जाणारी लहानशी रक्कम आणि तिच्याइतकाच सरकारचा वाटा मिळून कोरडवाहू गावातल्या पाझर तलावाचा खर्च निघत होता. शहर आणि खेडे यांच्यातली देवघेव एवढ्या सरळपणे हिशोबात कधीच मांडली गेली नव्हती. औद्योगिक पट्ट्याने आपल्या मागच्या डोंगराळ गावांच्या पाण्यासाठी पैसा द्यावा, ही मागणी आज कुणी केली तर ती नवी वाटते. प्रत्यक्षात ती जवळपास पन्नास वर्षांपूर्वी मान्य होऊन अमलातही आली होती.

याच दशकात गावोगाव हातपंप आले. जिल्हा परिषदेच्या यांत्रिकी उपविभागाचे कर्मचारी पाइप आणि रॉड घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरत. १९७५पासून टप्प्याटप्प्याने अंगणवाड्या आल्या. १९७४मध्ये जिल्हा नियोजन व विकास मंडळे स्थापन झाली. नियोजनाचे टेबल मात्र त्यामुळे जिल्हा परिषदेच्या इमारतीतून पुन्हा काहीसे कलेक्टर कचेरीकडे सरकले.

१९८२ ते १९९२ : ग्रामनिधीचे शांत काम

११ ऑक्टोबर १९८२ रोजी पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. चाकण अजून कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठीच ओळखले जात होते. या दशकात डोळ्यांत भरणारे फारसे काही घडले नाही. पण एका जुन्या तरतुदीची येथे नोंद करायला हवी, कारण पुढच्या विवेचनाचा तो कणा आहे.

१९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाने जिल्हा ग्रामविकास निधी निर्माण केला. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वार्षिक उत्पन्नाचा पाव टक्का या निधीत भरायचा, जिल्हा परिषदेने तो सांभाळायचा आणि ज्या पंचायतीला कार्यालय, बाजाराचे गाळे किंवा तत्सम उत्पन्नाचे काम उभारायचे असेल तिला त्यातून कर्ज द्यायचे. कर्ज फिटले की पैसा दुसऱ्या गावाला. दिसायला ही रक्कम किरकोळ, पण तत्त्व मोठे : गावांनी गावांना कर्ज द्यायचे, आणि जामीन राहायचे जिल्हा परिषदेने. सहकाराची परंपरा असलेल्या जिल्ह्यात ही कल्पना लोकांना समजावून सांगावी लागली नाही. वसुलीचे काम जिकिरीचे असते आणि ते पंचायत विभागाच्या कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे गाजावाजा न करता केले.

१९९२ ते २००२ : घटनादुरुस्ती, हद्दवाढ आणि झाडू

२४ एप्रिल १९९३पासून ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले आणि एक तृतीयांश जागांवर महिला निवडून येऊ लागल्या. पुढे २०११मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. केरळने १९९६मध्ये लोकयोजनेची मोहीम काढून राज्याच्या नियोजन खर्चाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग स्थानिक संस्थांच्या हाती दिला. महाराष्ट्राने एवढी मोठी उडी घेतली नाही. आपल्याकडे अधिकार आले ते योजनानिहाय, तुकड्यातुकड्याने.

१९९७मध्ये पिंपरी-चिंचवडची मोठी हद्दवाढ झाली. चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होली, वाकड, रावेत, किवळे अशी गावे महापालिकेत गेली. इंद्रायणी आता सीमारेषा झाली. दक्षिण काठावर चिखली, मोशी, डुडुळगाव आणि महापालिका. उत्तर काठावर निघोजे, कुरुळी, चिंबळी, केळगाव आणि ग्रामपंचायती. एकाच पात्राला दोन बाजूंनी दोन वेगळे कायदे, दोन वेगळे कर आणि दोन वेगळी अंदाजपत्रके लागू झाली. पुढच्या काळात आळंदीजवळ पाण्यावर फेस दिसू लागला, तेव्हा जबाबदारी कोणत्या काठाची या प्रश्नाचे उत्तर कोणा एका कार्यालयात मिळणे म्हणूनच अवघड झाले.

दशकाच्या अखेरीस चाकणला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि एमआयडीसीचे टप्पे वाढत गेले. ग्रामपंचायतीच्या दप्तरात हा बदल सर्वांत आधी उमटला तो नमुना ८च्या नोंदवहीत. कर आकारणीच्या या वहीत तोवर एकामागून एक ओळी असत त्या दगड-मातीच्या घरांच्या, पत्र्याच्या गोठ्यांच्या, एखाद्या पक्क्या इमारतीच्या. मग एका ओळीत अशी मिळकत आली की तिचे क्षेत्रफळ वरच्या सगळ्या पानाच्या बेरजेपेक्षा जास्त. ग्रामसेवकाने ती मोजायची कशी, कंपनीने हरकत घेतली तर उत्तर द्यायचे कसे, याचे प्रशिक्षण कुणालाच नव्हते. पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांनी आणि ग्रामसेवकांनी हे काम शिकत शिकत केले. पुढे २०१५च्या अखेरीस कर नियमांत दुरुस्ती होऊन आकारणी भांडवली मूल्यावर आली आणि या प्रश्नाची काही अंशी उकल झाली.

२०००-०१मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्याची रचना सरकारी योजनांच्या नेमकी उलटी होती. आधी अनुदान आणि मग काम, असा क्रम नव्हता. गावाने स्वतःच्या हिमतीवर गाव झाडायचे, गटारे काढायची, भिंती रंगवायच्या, पाहणी व्हायची, बक्षीस मिळाले तर नंतर. टीकाकार म्हणाले की समिती येण्याआधी चार दिवस गाव चकचकीत होते आणि नंतर जैसे थे. काही गावांत तसे झालेही. पण या अभियानाने एक पायंडा पाडला : स्वच्छता हा ग्रामसभेत बोलण्याचा विषय झाला. त्याआधी ग्रामसभेत रस्ता आणि समाजमंदिर यापलीकडे चर्चा फारशी जात नसे.

२००२ ते २०१२ : लोकवर्गणी आणि भाड्याच्या खोल्या

हे दशक या पट्ट्याच्या इतिहासातले सर्वांत भरगच्च. पिण्याच्या पाण्याचे धोरण २०००पासून बदलले होते. मागणी गावाने करायची, भांडवली खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी भरायची, योजना गावच्या पाणीपुरवठा समितीने राबवायची आणि पुढे चालवायचीही. जागतिक बँकेच्या साहाय्याने जलस्वराज्य प्रकल्प राज्यात आला. पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद या जिल्ह्यांसाठी जर्मनीच्या साहाय्याने 'आपलं पाणी' प्रकल्प आला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची पद्धत याच सुमारास रूढ झाली.

लोकवर्गणीवर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देता कामा नये. शहरातल्या माणसाला नळ मिळतो तेव्हा त्याच्याकडून आधी वर्गणी मागत नाहीत. मग खेड्यातल्या गरीब बाईकडून का? शिवाय वर्गणी गोळा होत नाही म्हटल्यावर ठेकेदारच ती भरतो आणि लोकसहभाग कागदावर राहतो. पहिल्या मुद्द्याला न्यायाच्या कसोटीवर उत्तर नाही. तो भेदच आहे. तरीही अनुभव असा की जिथे वर्गणी खरोखर घरटी गोळा झाली, तिथे मोटार जळाल्यावर आठवड्यात दुरुस्त झाली, कारण पैसा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होते. ठेकेदाराने भरलेल्या वर्गणीच्या गावात ती मोटार पुढच्या टंचाई आराखड्याची वाट पाहत पडून राहिली. म्हणजे दोष वर्गणीच्या तत्त्वात कमी आणि ती गोळा करण्याच्या प्रामाणिकपणात अधिक होता. दुर्बल कुटुंबांना त्यातून सूट देण्याचा शहाणपणा ज्या ग्रामसभांनी दाखवला, त्यांनी न्यायाचा प्रश्नही आपल्यापुरता सोडवला.

चाकण पट्ट्यात मात्र वर्गणीचे गणितच बदलत होते. २००९च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, पाठोपाठ महिंद्रा, आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे असंख्य पुरवठादार आले. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी, निघोजे या गावांत शेतकऱ्यांनी उरलेल्या जमिनीवर खोल्या बांधल्या. एका ओळीत आठ-दहा खोल्या, टोकाला सामाईक संडास-बाथरूम, वर पाण्याच्या टाक्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार तिथे राहू लागला. तो गावात पाणी वापरतो, गावात कचरा टाकतो, पण ग्रामसभेचा मतदार नाही आणि बहुधा पाणीपट्टीच्या यादीतही त्याचे नाव नसते. वर्गणी कोणाकडून मागायची? घरमालकाकडून, हे उत्तर काही पंचायतींनी काढले आणि खोलीनिहाय पाणीपट्टी बसवली. या तोडग्याची दखल घ्यायला हवी, कारण तो कुठल्याही शासननिर्णयात नव्हता.

२०१०मध्ये जयंत पाटील ग्रामविकास मंत्री असताना पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली. ग्रामपंचायतींसाठी आखलेल्या पर्यावरणीय योजनांत आम्ही हिला सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना मानतो. लोकसंख्येच्या प्रमाणात झाडे लावून जगवणे, हागणदारीमुक्ती, पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी, सांडपाणी आणि घनकचऱ्याची व्यवस्था यांच्याच बरोबरीने कर वसुलीचे किमान प्रमाण ही अट तिने घातली. वसुली पहिल्या वर्षी साठ टक्के झाली पाहिजे, तरच निधी. झाडांच्या योजनेत घरपट्टी कशाला, असे अनेकांनी विचारले. पण घरपट्टी न भरणारे गाव रोपाला दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालत नाही, हे ज्यांनी गावात काम केले आहे त्यांना माहीत आहे. कर आणि झाड यांना एकाच कागदावर आणणे हीच त्या योजनेची खरी कमाई.

सांडपाण्यावर मात्र या योजनेची मर्यादा उघडी पडली. शेतकरी गावात शोषखड्डा हा उत्तम उपाय आहे. घरामागे खड्डा, तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, वर जाळी. मोरीचे पाणी त्यात मुरते, डास हटतात, खर्च रोजगार हमीतून निघतो. दहा घरांच्या आळीला तो पुरतो. दहा खोल्यांच्या चाळींनी भरलेल्या गल्लीत खड्ड्याला जागाच नसते आणि असली तरी चार दिवसांत तो तुंबतो. मग ते पाणी ओढ्यात जाते, ओढा इंद्रायणीत किंवा भामेत. गाव पुरस्काराच्या निकषांत बसते आणि नदी तरीही मैलीच राहते.

नियोजन गावाला वगळून केले तर काय होते याचा दुःखद दाखला याच काळात मावळात मिळाला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी बंद जलवाहिनी टाकण्याच्या प्रकल्पाला धरणाखालच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलीस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला आणि प्रकल्प वर्षानुवर्षे थांबला. तांत्रिकदृष्ट्या बंद नळाने पाणी नेण्यात बचत होती, प्रदूषणही टळले असते, हे म्हणणे चुकीचे नाही. पण नदीकाठच्या विहिरी आणि उपसा योजना ज्यांच्या आहेत त्यांच्यासमोर तो हिशोब नीट मांडला गेला नाही. शहाणा आराखडाही ग्रामसभेबाहेर शिजला की शत्रूचा वाटतो.

२०१२ ते २०२२ : पैसा थेट गावात, प्रश्न मात्र गावाबाहेर

२०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करण्याचे बंधन आले. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२०साठी देशातल्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिली आणि ती सगळी थेट गावाच्या खात्यात. राज्याने 'आमचं गाव, आमचा विकास' उपक्रमातून पाच वर्षांचा आराखडा ग्रामसभेत करण्याची शिस्त घातली. जिल्हा परिषद क्षेत्रातील जमिनींच्या खरेदी-विक्रीवरील मुद्रांक शुल्काचा वाटाही या जिल्ह्यात मोठा आहे आणि त्यातला हिस्सा ग्रामपंचायतींना जातो. म्हणजे साठ वर्षांत प्रथमच गावाकडे एकाच वेळी चार-पाच बाजूंनी पैसा आला. तो आणणे आणि खर्ची घालणे यासाठी सरपंच, ग्रामसेवक आणि संगणक परिचालकांनी उपसलेले कष्ट लक्षणीय आहेत.

तरीही या पैशाची घडण बारकाईने पाहिली पाहिजे. मुद्रांक शुल्क जमीन विकली गेली तरच येते. शेत जितके कमी होते तितकी तिजोरी भरते. असे उत्पन्न पगार-दिवाबत्तीवर न घालवता ओढ्यांचे पुनरुज्जीवन, सांडपाणी वाहिन्या, गायरानावरची झाडी यांसारख्या टिकाऊ कामांनाच राखून ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वित्त आयोगाचा निधी लोकसंख्येवर वाटला जातो आणि ती लोकसंख्या २०११च्या जनगणनेची. त्यानंतर आलेला कामगार या हिशोबात नाही. सीएसआरचा पैसा दात्याच्या पसंतीने येतो. शुद्ध पाण्याचे यंत्र, शाळेची रंगरंगोटी, बाके लगेच मिळतात, गटाराच्या पाइपवर नाव लिहिता येत नाही म्हणून तो मिळत नाही.

या गावांना कारखान्यांचा कर मिळतो, मग अनुदानाचे रडगाणे कशाला, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर शिवेतच आहे. कारखाना एका गावाच्या हद्दीत असतो, कामगारांच्या खोल्या दुसऱ्या गावात आणि सांडपाणी तिसऱ्याच्या ओढ्यात. पहिल्याकडे कर, दुसऱ्याकडे भाडे, तिसऱ्याकडे दुर्गंधी. चाकण पट्ट्याचे सरासरी उत्पन्न सांगून या तिसऱ्या गावाचे समाधान होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मुळावर घाव घालणारा आहे. हा सारा पट्टा महापालिकेत घ्यावा किंवा महानगर प्राधिकरणाकडे सोपवावा, ग्रामपंचायतींचे ओझे कशाला वाहायचे? चाकणला २०१५मध्ये नगरपरिषद झाली. त्याच वर्षी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन होऊन बांधकाम परवानगी आणि आराखड्याचे अधिकार त्याच्याकडे गेले. २०२१मध्ये त्याचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. शहरी दाटीला शहरी कायदा लागतो, हे आम्ही मान्य करतो, आणि चाकणची नगरपरिषद ही काळाची गरज होती. पण हद्द कितीही पुढे सरकवली तरी तिच्या पलीकडे एक गाव राहणारच आणि नदी त्या गावातून जाणारच. प्राधिकरण रस्त्याची रेषा आखू शकते. गल्लीतला कचरा वेगळा करायला घरोघर सांगणारे कोणी त्याच्याकडे नसते. ती माणसे आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या महिला आणि शिक्षक आहेत, आणि ती पंचायत राज्याच्या यंत्रणेत आहेत.

तिसरा आक्षेप आमच्याच वर्तुळातून येतो. निधी थेट गावाला मिळू लागला हेच खरे विकेंद्रीकरण. आता वरच्या संस्थांना वाटा मागणे म्हणजे घड्याळाचे काटे उलटे फिरवणे. चौदाव्या आयोगाच्या काळात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला त्यातून काहीच मिळाले नाही, आणि त्या काळात गावांतर्गत कामे झपाट्याने झाली, हेही खरे. पण गावाच्या आराखड्यात दोन गावांचे काम कोणीच लिहीत नाही. प्रत्येकाचा सिमेंट रस्ता आपल्या शिवेवर येऊन थांबतो, गटारही तिथेच. पंधराव्या वित्त आयोगात राज्याने ग्रामपंचायतींना ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असे प्रमाण ठेवले, आणि २०२१-२२पासून साठ टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बंधित झाला. गावाचा मोठा वाटा गावाकडे राहून मधल्या कामासाठी थोडा पैसा वर उरतो. ही मांडणी आम्हांला अधिक संतुलित वाटते.

आजचे काम

मार्च २०२२मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि जिल्हा परिषदेची साठी प्रशासकांच्या कारकिर्दीत भरली. कामे थांबलेली नाहीत. जलजीवन मिशनमधून दरडोई ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट समोर ठेवून नळयोजना चालू आहेत. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात भर घनकचरा आणि सांडपाण्यावर आहे. २ ऑक्टोबर २०२०पासून सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गावांचे मूल्यमापन होते. या पट्ट्यातल्या पंचायतींना वायू आणि जल ही दोन तत्त्वे सर्वांत जड जातात. १ जानेवारी २०२१ रोजी भामा आसखेडचे पाणी पुण्याच्या पूर्व भागात पोहोचले. धरण खेड तालुक्यातले, तहान शहराची; ही देवघेव आता कायमची आहे, आणि व्यवसाय कराच्या पूर्वीच्या उदाहरणाप्रमाणे तिचा हिशोब पाणलोटातल्या गावांच्या हिताने मांडता येईल.

पुढच्या आराखड्यांसाठी पंचायत समितीच्या पातळीवर एक नवी बाब विचारात घ्यावी अशी आमची सूचना आहे. एकाच ओढ्यावरच्या गावांनी आपापल्या बंधित निधीतला काही भाग, कारखानदारांचा सीएसआर आणि मुद्रांक शुल्काचा अंश एकत्र करून त्या ओढ्याचा सामाईक आराखडा करावा. त्याला ग्रामविकास निधीसारखाच फिरता निधी जोडावा आणि हिशोब प्रत्येक गावच्या ग्रामसभेत वाचला जावा. सांडपाणी शुद्धीकरणाचे तांत्रिक काम ग्रामपंचायतीला झेपणार नाही ही शंका रास्त आहे. म्हणूनच अभियंता जिल्हा परिषदेचा असावा आणि खर्चाचा निर्णय ओढ्यावरच्या गावांचा. निघोजे ते केळगाव या इंद्रायणीच्या उत्तर काठापासून हे काम सुरू करता येईल. दक्षिण काठावरची महापालिका त्यात बरोबरीने बसली, तर १९९७पासून दोन अंदाजपत्रकांत विभागलेली नदी प्रथमच एका आराखड्यात येईल.